माळ्याचा वायुवीजन पंखा

उतरते छप्पर आणि त्याखालची तक्तपोशी किंवा पीओपीचे छत यांच्यामध्ये पोकळी राहते, तो माळा. तिच्यात कोंडलेली तापलेली हवा बाहेर ढकलणारा विजेचा पंखा म्हणजे माळ्याचा वायुवीजन पंखा. बाजारात याला सरसकट एक्झॉस्ट म्हणतात, पण स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टपेक्षा याचे काम वेगळे आहे. तो धूर काढत नाही. माणसे राहत नाहीत ती जागा तो निववतो, आणि त्यामुळे खालच्या खोलीत माणसांना बसवते.

नाशिकमध्ये याची गरज दोन प्रकारच्या घरांना भासते. एक, जुन्या नाशकातले आणि पंचवटीतले कौलारू वाडे, ज्यांच्या माळ्यावर एके काळी धान्याच्या कणग्या असत. दुसरी, सिडको-सातपूरकडची रो-हाऊस, ज्यांवर पुढे पत्र्याची खोली चढवून आतून फॉल्स सीलिंग केलेले असते. सिमेंटच्या स्लॅबखालच्या फ्लॅटला माळाच नसतो, त्यामुळे तिथे हा पंखा निरुपयोगी. गच्चीवर सावलीसाठी टाकलेला पत्रा चारही बाजूंनी मोकळा असेल, तर त्यालाही पंखा लागत नाही. वाराच ते काम करतो.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीला टेकतो, पण हवा कोरडी असल्यामुळे रात्री उतरतोही चांगला. उन्हात पत्र्याचे स्वतःचे तापमान मात्र ६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. ही उष्णता दोन वाटांनी खाली येते. माळ्यावरची हवा तापते ही एक वाट. दुसरी वाट उत्सर्जनाची: तापलेला पत्रा चुलीतल्या निखाऱ्यासारखा थेट तक्तपोशीवर धग टाकतो. पंखा पहिली वाट अडवतो, दुसरी नाही. म्हणून छपराला बाहेरून पांढरा परावर्तक रंग देणे आणि तक्तपोशीवर उष्णतारोधक थर पसरणे ही कामे पंख्याच्या आधीची आहेत. दुकानदार सहसा हे सांगत नाही, पण पैसे मोजकेच असतील तर ते आधी रंगावर खर्च करावेत.

पंख्याचे तत्त्व या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही, कारण कांदाचाळ त्याच तत्त्वावर उभी असते. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला आणि फटींचा असतो. खालून गार हवा शिरते, कांद्यातली ऊब आणि दमटपणा घेऊन वर जाते. तळाच्या फटी बुजल्या तर वरून कितीही मोकळे ठेवले तरी कांदा सडतो. माळ्याचेही तसेच आहे. पंखा हवा फक्त घालवतो. तिच्या जागी येणारी हवा कुठून येणार हे घरमालकाने ठरवायचे असते. वळचणीला, म्हणजे वासे जिथे भिंतीवर टेकतात तिथे, जाळीची तोंडे ठेवली नाहीत तर पंखा खालच्या खोलीतून, माळ्याच्या झडपेच्या (माळ्यावर चढायच्या दाराच्या) फटीतून, दिव्यांच्या भोकांतून हवा ओढतो. घरात कूलर किंवा एसी चालू असेल तर विकत घेतलेला गारवाच तो छपराबाहेर फेकतो.

यात जिवाला धोकाही आहे. न्हाणीघरात गॅस गिझर असेल आणि पंखा घरातूनच हवा ओढत असेल, तर गिझरचा जळका वायू बाहेर न जाता उलट आत खेचला जाऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. अशा घरात माळा आणि खोल्या यांच्यातल्या फटी सिलिकॉनने बुजवून, झडपेला रबरी पट्टी लावूनच पंखा सुरू करावा. न्हाणीघराचा स्वतःचा झरोका कायम उघडा हवा.

मापाचा प्रचलित ठोकताळा अमेरिकेतल्या लाकडी घरांवरून आलेला आहे: माळ्याच्या दर चौरस फुटाला मिनिटाला ०.७ घनफूट हवा. छप्पर गडद रंगाचे किंवा खूप उताराचे असेल तर त्यात १५ टक्के वाढ. २० फूट लांब, २० फूट रुंद माळ्याचे क्षेत्रफळ ४०० चौरस फूट. म्हणजे २८० घनफूट, वाढीसह ३२२. भारतीय पंख्यांच्या पाटीवर बहुधा ताशी घनमीटर लिहिलेले असतात, म्हणून १.७ ने गुणावे: सुमारे ५५० घनमीटर. उघड्या पत्र्याखाली हा आकडा किमान समजावा. पाटीवरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. पुढे जाळी आणि झडपा आल्या की तो घटतो. अशा माळ्याला १२ इंची (३०० मिमी) पंखा पुरतो. शक्य असेल तर मिनिटाला १४०० फेऱ्यांऐवजी ९०० फेऱ्यांचा घ्यावा, कारण डोक्यावरची घरघर रात्री फार जाणवते.

आत येणाऱ्या हवेसाठी पंख्याच्या मिनिटाला दर ३०० घनफुटांमागे एक चौरस फूट निव्वळ मोकळी जागा लागते. जाळी आणि पट्ट्या तोंडाचा बराच भाग अडवतात, त्यामुळे प्रत्यक्षात दुप्पट आकाराची तोंडे ठेवणे शहाणपणाचे. वरच्या उदाहरणात ती दोन चौरस फुटांच्या आसपास होतात. मोठा पंखा आणला तर तोंडेही मोठी करावी लागतात. नेमके तेच राहून जाते, आणि मग पंखा नुसता आवाज करतो.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांवर दिसणारे वाऱ्याने फिरणारे घुमट विजेविना चालतात, पण वारा पडला की त्यांचा जोरही ओसरतो. सौर पंखा उन्हाबरोबर वेग घेतो आणि सूर्य मावळला की थांबतो. दिवसाच्या उष्म्यासाठी ते जुळते. रात्रीची गार हवा माळ्यावरून फिरवायची असेल तर मात्र विजेचाच पंखा हवा. ६० वॉटचा पंखा रोज आठ तास चालला तर महिन्याला साधारण साडेचौदा युनिट लागतात.

जागा आढ्याखालच्या त्रिकोणी भिंतीत, जितकी उंच मिळेल तितकी उंच. नाशिकला पावसाळी वारा मुख्यतः पश्चिमेचा आणि नैर्ऋत्येचा असतो, म्हणून पूर्वेची भिंत निवडावी: पंख्याला वाऱ्याविरुद्ध ढकलावे लागत नाही आणि पावसाची झड आत येत नाही. छपराला भोक पाडणे टाळता येईल तितके टाळावे. पत्रा कापावाच लागला तर भोकाच्या वरच्या बाजूने पत्र्याची झालर वरच्या पत्र्याखाली सरकवावी; नुसते सिलिकॉन दोन उन्हाळ्यांत तडकते. जुना सिमेंटचा पत्रा ग्राइंडरने मुळीच कापू नये, त्यात ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुफ्फुसात कायमची राहते.

वाड्यांच्या भिंती बहुधा मातीचे सांधे भरून बांधलेल्या असतात. तिथे ब्रेकर न लावता छिन्नीने हळूहळू भोक पाडावे आणि वर लाकडाची किंवा दगडाची छावणी (वरचा भार पेलणारी आडवी पट्टी) बसवावी. भोकाला बाहेरच्या बाजूस किंचित उतार द्यावा. पंख्याच्या चौकटीखाली रबरी वॉशर, बाहेर आपोआप मिटणाऱ्या झडपा आणि पक्षी-खारींसाठी अर्धा इंची जाळी. मच्छरदाणीची बारीक जाळी धुळीने महिन्याभरात बुजते.

वायरिंग नळीतून, तांब्याच्या १.५ चौरस मिमी तारेने, अर्थिंगसह करावे. वेगळा एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप पडणारा स्विच), आरसीसीबीचे (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे) संरक्षण आणि माळ्यावरच पंख्याजवळ एक बंद करायचा स्विच हवा. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार पंखा आपोआप चालू-बंद करणारा स्विच, ४० अंशांच्या आसपास ठेवावा. तो फार खाली ठेवला तर मे महिन्यात पंखा दिवसरात्र थांबतच नाही. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच आणि सकाळी ऊन चढण्याआधी करून घ्यावे. दुपारी माळ्यावर चढलेल्या माणसाला भोवळ येते.

पंखा सुरू झाल्यावर उदबत्ती लावून वळचणीच्या प्रत्येक तोंडाशी धरावी. धूर आत ओढला गेला तर मार्ग बरोबर. मग तीच उदबत्ती खोलीत माळ्याच्या झडपेखाली धरावी. तिथे धूर वर सरकू लागला तर फट राहिली आहे.

पावसाळ्यात बाहेरचीच हवा ओली असते, त्यामुळे तेव्हा पंखा चालवून माळा कोरडा होत नाही. उघडीप मिळेल त्या दुपारी तासभर चालवणे पुरे. पहिल्यांदा बिघडतो तो कंडेन्सर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर), माळ्यावरच्या उष्णतेने. पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, तेव्हा तोच बदलावा. शिमग्याच्या आधी पाती पुसून, जाळ्या झाडून घ्याव्यात, आणि मृगाच्या तोंडावर झडपा नीट मिटतात का ते पाहावे.