सशाने खाणं सोडलं तर सकाळची वाट बघू नका

(आमच्या दुकानातून ससा किंवा सशाचं खाद्य नेणाऱ्यांसाठी)

कुत्र्याला लागलं की ते केकाटतं, बकरी ओरडून गल्ली जागी करते. ससा मुकाट सोसतो. रानात जो आजारी दिसतो तो आधी उचलला जातो, त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. पाठ गोल करून, डोळे अर्धे मिटून तो कोपऱ्यात बसतो आणि घरच्यांना वाटतं, झोपला असेल.

म्हणून रोज पिंजरा झाडताना लेंड्या बघा. धडधाकट ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. हरभऱ्याएवढ्या, कोरड्या, फोडल्या तर आत गवताचा भुसा दिसतो. त्या बारीक झाल्या, कमी पडल्या किंवा केसांत ओवलेल्या माळेसारख्या निघाल्या तर सावध व्हा. आणि दहा-बारा तासांत सशाने काही खाल्लं नसेल, लेंडीही पडली नसेल, तर रात्र असो की रविवार, डॉक्टरांना फोन लावा. सशाची आतडी सतत चालती लागतात. ती थांबली की आत गॅस धरतो, पोट दुखतं, आणि दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. त्याला उलटीही होत नाही. पोट ढोलकीसारखं ताठ, कान गार आणि दात करकर वाजवतोय, असं दिसलं तर तास मोजत बसू नका, निघा. ताठ पोटावर सिरिंजने काही भरवूही नका.

(पहाटे किंवा रात्री तो स्वतःच्या बुडाशी तोंड नेऊन द्राक्षाच्या घोसासारखी मऊ लेंडी खातो. ती जुलाब नव्हे, त्याची गरज आहे. पाण्यासारखं पातळ झालं तर मात्र, विशेषतः पिल्लाला, लगेच न्या.)

एकदा दुकान उघडतो न उघडतो तोच एक काका खोकं घेऊन दारात. "भाऊ, ससा कालपाइन काहीच खाई नई राह्यना." आदल्या दिवशी पोरांनी त्याला दोन केळी सालासकट चारली होती. जळगावात घरात केळी नाहीत असं होतच नाही! ससा वाचला, पण चार दिवस इंजेक्शनं घ्यावी लागली. चूक आमचीच, विकताना केळ्याचं बोललोच नव्हतो. हे पत्रक त्यानंतर छापलं. केळं द्यायचंच तर बोटाच्या पेराएवढं, आठवड्यातून एकदा. बाकी पोट सुक्या गवतावर भरू द्या. कपाशीच्या बांधावरचं गवत नको, फवारणी झालेली असते.

आता उन्हाळा. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे सोडतो. तीस अंशांच्या पुढे त्याला त्रास सुरू होतो आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. पत्र्याखाली पिंजरा ठेवू नका. वीज गेली, कूलर बंद पडला की आधी त्याच्याकडे जा. कान लालभडक नि गरम, जोरजोरात धाप, लाळ, आडवा पडलेला, म्हणजे ऊन लागलं. सावलीत घ्या, कान माठातल्या पाण्याने ओले करा, वारा घाला आणि दवाखाना गाठा. बर्फ नको, बादलीत बुडवणंही नको.

तोंड उघडून श्वास घेणं, मान एका बाजूला कलंडणं, झटके, मागचे पाय ओढत चालणं, लघवीला कुंथणं, कुत्र्या-मांजराचा दात लागणं (जखम टिकलीएवढी असली तरी) यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी नाही, त्याच तासाला न्या. पावसाळ्यात शेपटीखालचे केस रोज उलटून बघा. ओल्या-घाणेरड्या जागी माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या पडतात. लालसर लघवी मात्र पुष्कळदा पाल्यामुळेही होते. लघवीत रक्ताच्या गाठी किंवा कळ असेल तर न्या.

घरातलं अमोक्सिसिलिन (माणसांचं अँटिबायोटिक) तोंडाने देऊ नका, त्याच्या पोटातले उपयोगी जंतू मरतात आणि ससाही जाऊ शकतो. कुत्र्याचा गोचीड मारायचा फिप्रोनिलचा स्प्रेसुद्धा सशाला विषारी आहे.

आपल्या भागातले बरेच डॉक्टर गाई-म्हशी, शेळ्या बघतात. "सशाला बघता का?" हे आजच, ससा ठणठणीत असताना फोन करून विचारून ठेवा. नेताना खोक्यात टॉवेल अंथरा, मूठभर गवत टाका, शेवटचं कधी खाल्लं ते चिठ्ठीवर लिहा, आणि ताज्या लेंड्या पडल्या असतील तर पुडीत बांधून सोबत घ्या.