मोटारशर्यती आणि कर्णबधिर स्पर्धक

मोटारगाड्या, मोटारसायकली व कार्ट (छोट्या, उघड्या शर्यतगाड्या) यांच्या वेगस्पर्धांत मुळीच ऐकू न येणाऱ्या किंवा अत्यल्प ऐकू येणाऱ्या स्पर्धकांचा सहभाग. हा सहभाग जवळजवळ पूर्णपणे ऐकू येणाऱ्यांच्याच स्पर्धांमधून झालेला आहे. कर्णबधिरांच्या जागतिक क्रीडास्पर्धांच्या, म्हणजे डेफलिंपिक्सच्या, कार्यक्रमात मोटारक्रीडेला स्थान नाही. तेथे भाग घेण्यासाठी चांगल्या कानाची श्रवणक्षमता किमान ५५ डेसिबलने घटलेली असावी लागते आणि स्पर्धेच्या वेळी श्रवणयंत्र काढून ठेवावे लागते. मोटारशर्यतींत असा स्वतंत्र गट नसल्यामुळे निकालपत्रकात कर्णबधिर स्पर्धक वेगळा ओळखू येत नाही, आणि या विषयाचा इतिहास मोजक्या व्यक्तींच्या चरित्रांतूनच जुळवावा लागतो.

संकेतव्यवस्था : बंदिस्त ट्रॅकवरील शर्यतीची अधिकृत संदेशव्यवस्था प्रारंभापासून दृश्य स्वरूपाची आहे. पिवळा झेंडा धोक्याचा, लाल शर्यत थांबवल्याचा, निळा मागून वेगवान गाडी येत असल्याचा, पिवळ्या-लाल पट्ट्यांचा रस्ता निसरडा झाल्याचा, काळ्यावर नारिंगी वर्तुळ असलेला गाडीतील बिघाडाचा आणि चौकटींचा शर्यत संपल्याचा, अशी ही योजना आहे. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या (एफआयए) नियमांनुसार झेंडा किमान ६० × ८० सेंमी. आणि लाल व चौकटींचा झेंडा किमान ८० × १०० सेंमी. असावा लागतो. झेंड्यांच्या जोडीला आता प्रकाशफलक आले आहेत. फॉर्म्युला वनमध्ये पाच लाल दिवे एकेक करून लागतात व एकदम विझले की शर्यत सुरू होते. चौथाई मैलाच्या ड्रॅग शर्यतीत, म्हणजे सरळ रेषेतील वेगधावेत, १९६३ पासून अमेरिकेत दिव्यांचा खांब वापरात आला. त्याच्या व्यावसायिक प्रकारात तिन्ही पिवळे दिवे एकाच वेळी लागतात आणि ०·४ सेकंदाने हिरवा लागतो. मोटोक्रॉसमध्ये, म्हणजे खडबडीत मातीच्या ट्रॅकवरील मोटारसायकल शर्यतीत, आधी १५ सेकंदांची आणि नंतर ५ सेकंदांची पाटी दाखवली जाते व त्यानंतर पुढच्या पाच ते दहा सेकंदांत केव्हाही फाटक खाली पडते. यांपैकी कोणताही संकेत कानांवर विसंबून नाही. इंजिनांच्या गदारोळात हाक किंवा शिट्टी कोणालाच ऐकू येणार नाही, हे त्याचे उघड कारण आहे. चालकाच्या वैद्यकीय तपासणीचे निकषही याला धरूनच आहेत. दृष्टीची तीक्ष्णता, दृष्टिक्षेत्र आणि झेंड्यांचे रंग न चुकता ओळखता येणे यांबाबत नियम जितके काटेकोर आहेत, तितके ते श्रवणाबाबत नाहीत.

श्रवणाचे प्रत्यक्ष कार्य : असे असले तरी चालक कानांचा उपयोग करतो. इंजिनाचा स्वर चढला की गिअर बदलणे, टायर घसरू लागल्याचा आवाज ओळखणे, बाजूला आलेल्या गाडीचा अंदाज घेणे ही त्याची नित्याची कामे आहेत. स्टॉक कारच्या (नेहमीच्या मोटारीच्या धर्तीच्या शर्यतगाडीच्या) आत ध्वनिपातळी १०० डेसिबलच्या वर जात असल्याने ऐकू येणारे चालकही कानांत इअरप्लग घालतात, म्हणजे ते व कर्णबधिर चालक यांच्यातील अंतर समजले जाते त्यापेक्षा कमी असते. कर्णबधिर चालक गिअरसाठी आरपीएम मीटर (इंजिनाच्या फेऱ्यांचा मापक) व शिफ्ट लाइट (गिअर बदलण्याची सूचना देणारा दिवा) पाहतो आणि आसन, स्टिअरिंग व पेडल यांतून येणारी कंपने ओळखतो. ही कंपने ओळखण्याची त्याची संवेदना जन्मतः अधिक तीव्र असते, असे लोकप्रिय लेखनात वारंवार म्हटले जाते. सरावाने ती कार्यक्षम होते, एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित होय.

समतोलाचा प्रश्न निराळा आहे. श्रवण आणि समतोल यांची इंद्रिये अंतर्कर्णात शेजारी-शेजारी असतात व मस्तिष्कावरणशोथासारख्या (मेनिंजायटिससारख्या) रोगात दोन्ही एकदम निकामी होऊ शकतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकी नौदलाच्या वैद्यकीय संशोधकांनी वॉशिंग्टनमधील गॅलोडेट महाविद्यालयातील अकरा कर्णबधिर पुरुषांवर अंतराळप्रवासाच्या संदर्भात प्रयोग केले. त्यांपैकी दहा जणांना लहानपणी हाच रोग झालेला होता आणि त्यांना गती लागत नाही, म्हणजे हिंदकळणाऱ्या बोटीत किंवा फिरत्या खोलीत मळमळत नाही, असे आढळले. याचा मोटारशर्यतीशी जोडला जाणारा संबंध अनुमानाचाच आहे. चारचाकी गाडीत बसलेल्या चालकाला अंतर्कर्णातील समतोलाची उणीव दृष्टीने भरून काढता येते. धुळीत उंच उडणाऱ्या मोटारसायकलीवर ते अवघड असावे. जन्मजात बहिरेपणात मात्र समतोल पुष्कळदा शाबूत असतो. त्यामुळे ‘कर्णबधिर चालक’ असा एकच शारीरिक प्रकार मानणे योग्य नाही.

किटी ओ’नील : या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध नाव अमेरिकेच्या किटी ओ’नील (२४ मार्च १९४६–२ नोव्हेंबर २०१८) यांचे आहे. त्यांचा जन्म टेक्सस राज्यातील कॉर्पस क्रिस्टी येथे झाला. वयाच्या पाचव्या महिन्यात गोवर, गालगुंड आणि देवी हे तीन रोग एकाच वेळी झाल्याने त्या बहिऱ्या झाल्या, असे त्यांच्याविषयीच्या बहुतेक लेखनात आढळते. अमेरिकेत त्या सुमारास देवीचे रुग्ण अतिशय विरळ झालेले होते आणि गालगुंडामुळे येणारा बहिरेपणा बहुधा एकाच कानापुरता असतो, हे लक्षात घेता गोवर व त्यातील तीव्र ताप हे कारण अधिक संभवनीय वाटते. त्यांच्या आईने त्यांना ओठवाचन व बोलणे शिकवले. प्रथम त्या उंचावरून सूर मारण्याच्या क्रीडाप्रकारात नावारूपाला आल्या व ऑलिंपिक विजेते सॅमी ली यांच्याकडे त्यांनी प्रशिक्षण घेतले. १९६४ च्या ऑलिंपिक निवडचाचणीआधी मनगटाला झालेली इजा आणि पाठोपाठ झालेला मस्तिष्कावरणशोथ यांमुळे ते क्षेत्र सुटले. त्यानंतर त्या वाळवंटी शर्यतींकडे व चित्रपटांतील साहसदृश्यांकडे वळल्या. १९७६ मध्ये स्टंट्स अनलिमिटेड या साहसपटूंच्या संघटनेत प्रवेश मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

६ डिसेंबर १९७६ रोजी ऑरेगन राज्याच्या आग्नेय भागातील अल्व्हर्ड वाळवंटात त्यांनी ‘एसएमआय मोटिव्हेटर’ ही तीनचाकी रॉकेटगाडी चालवून महिलांचा भूवेगविक्रम केला. बिल फ्रेडरिक यांनी बांधलेली ही गाडी हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालत असे. या द्रवाचे उत्प्रेरकावर विघटन होऊन निर्माण होणारी वाफ व ऑक्सिजन मागे फेकले जातात आणि गाडी पुढे रेटली जाते. गाडीची शक्ती ४८,००० अश्वशक्ती असल्याचे सांगितले जाते. आधीचा, ली ब्रीडलव्ह यांचा १९६५ मधील विक्रम ताशी पाचशे किमी.च्या आतबाहेरचा होता.

या विक्रमाचे आकडे मात्र सर्वत्र एक नाहीत. ताशी ८२५·१२६ किमी. (५१२·७१० मैल) ही दोन्ही दिशांच्या धावांची सरासरी म्हणून दिली जाते. ताशी ८४३·३२३ किमी. (५२४·०१६ मैल) हा आकडा त्यांनी गाठलेला सर्वाधिक नोंदलेला वेग म्हणून जुन्या विक्रमग्रंथांत किटी हॅम्बलटन या त्यांच्याच दुसऱ्या नावाखाली मिळतो. ताशी ६०० ते ६२१ मैलांच्या दरम्यानचे आकडे क्षणिक कमाल वेगाचे आहेत. हे तिन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात आणि वृत्तपत्रीय लेखनात त्यांची सरमिसळ झालेली आहे. भूवेगविक्रमासाठी ठराविक अंतर एका तासाच्या आत उलटसुलट दोनदा कापून सरासरी घेण्याचा प्रघात आहे, कारण एकाच दिशेच्या धावेत वारा व उतार यांचा लाभ मिळू शकतो. यास्तव पहिला आकडाच विक्रम म्हणून ग्राह्य धरणे इष्ट होय. क्षणिक वेगाबाबत सावधगिरी बाळगण्यास आणखी एक कारण आहे. ताशी ६२१ मैल म्हणजे जवळजवळ नेमके ताशी १,००० किमी., आणि गॅरी गॅबेलिच यांनी १९७० मध्ये ‘ब्लू फ्लेम’ गाडीने एका मैलाच्या अंतरावर केलेला त्या काळचा सर्वसाधारण (केवळ महिलांपुरता नसलेला) विक्रम ताशी सुमारे १,००१ किमी. होता. या दोन आकड्यांचे सान्निध्य प्रसिद्धीच्या दृष्टीने फारच सोयीचे आहे. फ्रेडरिक यांच्याच १९७९ मधील ‘बडवायझर रॉकेट’ गाडीने ध्वनीचा वेग ओलांडल्याचा दावाही आजवर वादग्रस्त राहिला आहे.

ओ’नील यांनी सर्वसाधारण विक्रम मोडण्याचा प्रयत्न केला नाही, याचे कारण करारात होते. त्यांना केवळ महिलांच्या विक्रमापुरते करारबद्ध केलेले होते व सर्वसाधारण विक्रमाचा प्रयत्न साहसपटू हॅल नीडहॅम यांच्यासाठी राखून ठेवलेला होता. त्यामागे नीडहॅम यांच्या नावाने खेळणी काढण्याचे व्यापारी गणित होते. गाडीची उपलब्ध शक्ती पूर्ण वापरू दिली असती तर आपण बरेच पुढे गेलो असतो, असे ओ’नील यांचे म्हणणे होते. प्रकरण न्यायालयात गेले. नीडहॅम यांच्याकडूनही तो विक्रम मोडला गेला नाही. ओ’नील यांना डावलण्यामागे बहिरेपणाचे कारण पुढे केल्याचे दिसत नाही. वाद स्त्री असण्याचा व पैशांचा होता, ही बाब त्यांच्यावरील भावनिक लेखनात सहसा झाकली जाते. महिलांचा हा विक्रम चार दशकांहून अधिक काळ टिकला. अमेरिकी चालक जेसी कोंब्स यांचा २७ ऑगस्ट २०१९ रोजी त्याच वाळवंटात गाडीच्या अपघातात मृत्यू झाला व त्या दिवशीच्या त्यांच्या ताशी ८४१·३३८ किमी. वेगाला गिनीजने २०२० मध्ये विक्रम म्हणून मान्यता दिली. हा वेग ओ’नील यांच्या सरासरीहून अधिक, पण त्यांच्या नावावरील ८४३·३२३ या आकड्याहून किंचित कमी आहे. तुलना करताना कोणता आकडा घेतला, हे म्हणूनच स्पष्ट करणे आवश्यक ठरते.

मोटारसायकल शर्यती : मिशिगन राज्यात १९९० मध्ये जन्मलेल्या अ‍ॅशली फिओलेक या जन्मतः कर्णबधिर आहेत. त्यांनी २००८, २००९, २०११ व २०१२ या वर्षी अमेरिकेचे महिला मोटोक्रॉस अजिंक्यपद मिळवले आणि एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धांत २००९ व २०१० मध्ये सुवर्णपदके जिंकली. २००९ मध्ये होंडाच्या अमेरिकेतील अधिकृत संघात त्यांची निवड झाली. मोटोक्रॉसमध्ये मागून येणाऱ्या गाडीचा आवाज हा महत्त्वाचा इशारा असतो. तो मिळत नसल्याने त्या जमिनीवर पडणाऱ्या सावल्यांवर लक्ष ठेवीत आणि आपली रेषा अचानक न बदलता धरून ठेवीत, जेणेकरून मागच्याला ओलांडण्याची वाट आधीच कळावी. गिअर कधी बदलायचा हे त्या गाडीच्या कंपनांवरून ठरवीत. त्यांच्याविरुद्ध धावणाऱ्यांनाही हे ठाऊक असणे सुरक्षिततेच्या दृष्टीने आवश्यक होते, कारण या खेळात मागून ओरडून किंवा इंजिन फुरफुरवून इशारा देण्याची रीत आहे.

रेडिओचा अडसर : कर्णबधिर स्पर्धकापुढील खरी अडचण रेडिओमुळे निर्माण झाली. अमेरिकेतील अंडाकृती ट्रॅकवर गाड्या अगदी चिकटून धावतात आणि उंचावर उभा असलेला स्पॉटर चालकाला बाजूच्या गाडीची सूचना सतत रेडिओवरून देत असतो. ही सूचना पाटीवर लिहून देण्याइतका वेळच तेथे नसतो. रॅलीत तर सहचालक पुढच्या वळणांच्या नोंदी वाचून दाखवतो व चालक त्या ऐकून न दिसणाऱ्या वळणात गाडी घालतो. ही पद्धत हातांच्या खुणांत उतरवणे शक्य असले, तरी रस्त्यावरून नजर हटवण्याची किंमत मोजावी लागते. बंदिस्त ट्रॅकवर मात्र परिस्थिती सौम्य आहे. पिटच्या (गाड्यांच्या दुरुस्तीसाठी ट्रॅकलगत असलेल्या जागेच्या) भिंतीवरून दाखवली जाणारी पाटी रेडिओ आल्यानंतरही वापरात राहिली. फॉर्म्युला वनमध्येच २०१६ च्या हंगामात संघाने चालकाला रेडिओवरून काय सांगावे यावर कडक मर्यादा घालण्यात आल्या होत्या व त्या जुलैमध्ये जर्मन ग्रां प्रीपासून शिथिल करण्यात आल्या. चालकाने गाडी कोणाच्या मदतीविना चालवावी, हे त्या मर्यादांमागील तत्त्व होते.

वेल्समधील कॅलेब मॅकडफ यांना बालपणी मस्तिष्कावरणशोथामुळे बहिरेपणा आला व त्यांना कॉक्लिअर इम्प्लांट (अंतर्कर्णात शस्त्रक्रियेने बसवायचे श्रवणसाधन) बसवण्यात आले. या उपकरणाचा बाहेरचा भाग चुंबकाने डोक्याला चिकटलेला असतो आणि घट्ट हेल्मेटखाली तो राहत नाही, म्हणून ते हा भाग काढून ठेवून, म्हणजे पूर्ण नि:शब्दतेत, कार्टिंग करीत. पुढे ते अपंग चालकांच्या टीम ब्रिट या ब्रिटिश संघात दाखल झाले. अशा चालकासाठी संघाचे संदेश डॅशबोर्डवर दिव्यांच्या किंवा अक्षरांच्या रूपात दाखवता येतात. हेल्मेटमुळे तोंड झाकले जात असल्याने पिटमध्ये ओठवाचनाचा उपयोग होत नाही. शर्यतीपूर्वीच्या चालकसभेत दुभाषा नसेल, तर त्या दिवशी बदललेले नियम चालकाला कळत नाहीत, आणि व्यवहारात सर्वाधिक गोंधळ ट्रॅकवर नव्हे, तर येथे होतो.

परवाना : कार्टिंग व बंदिस्त ट्रॅकवरील शर्यतींसाठी क्रीडासंस्थेचा परवाना लागतो. सार्वजनिक रस्त्यांवरून जाणाऱ्या रॅलीसाठी त्याखेरीज वाहन चालवण्याचा सरकारी परवानाही आवश्यक असतो. अमेरिकेत १९२० च्या दशकात काही घटक राज्यांनी कर्णबधिरांना असा परवाना नाकारला होता व कर्णबधिरांच्या संघटनांनी त्याविरुद्ध लढा दिला. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ व त्याखालील वैद्यकीय प्रमाणपत्राच्या नमुन्याचा आधार घेऊन परिवहन कार्यालये अर्ज फेटाळीत असत. कर्णबधिर अर्जदाराने चाचणी उत्तीर्ण केल्यास केवळ बहिरेपणामुळे त्याला परवाना नाकारता येणार नाही, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने २०१६ मध्ये राज्यांना त्या अर्थाची सूचना पाठवली. त्यामुळे भारतातील रॅलींच्या बाबतीत पहिला कायदेशीर अडथळा दूर झाला असून सहचालकाच्या नोंदी चालकापर्यंत पोचवण्याचा तांत्रिक प्रश्न शिल्लक आहे.