‘ठराव व्हयना’, पण कोणत्या सभेत?

आमच्या पारोळा तालुक्याच्या पट्ट्यात सकाळी चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास कानी पडतं: “ठराव व्हयना भो.” (अहिराणीत, म्हणजे ‘ठराव झाला भाऊ’.) कधी गटारीचा, कधी पाण्याच्या टाकीचा, कधी बाजाराचा. ठराव झाला म्हणजे गावानं ठरवलं, असं ऐकणारा धरून चालतो.

मी गावाकडच्या बातम्या पाठवतो. सुरुवातीला मीही तसंच धरून चाललो. आठवडे बाजाराची जागा बदलायचा ठराव ‘ग्रामसभेत एकमताने मंजूर’, अशी बातमी मी दिली. खरं तर तो मासिक सभेतला ठराव होता, नऊ जणांनी बसून केलेला. दुसऱ्या दिवशी भाजी विकणाऱ्या एक मावशी दारात उभ्या राहिल्या. “भाऊ, आख्ख्या गावानं ठरवलं असं छापलं तुम्ही. मी गावात नाही का?” मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून या दोन सभांतला फरक मी जमेल त्याला सांगत आलो आहे.

घोळ होतो तो सगळं सारखंच दिसतं म्हणून. कार्यालय तेच, अध्यक्षस्थानी सरपंचच, इतिवृत्त लिहिणारे ग्रामसेवकही तेच (२०२४ पासून त्यांचं पदनाम ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं, पण गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात). मग बघायचं एवढंच, की समोर कोण बसलंय. मासिक सभा निवडून आलेल्या सदस्यांची असते. गावाच्या लोकसंख्येप्रमाणे ते ७ ते १७ असतात आणि मत त्यांनाच असतं. ग्रामसभा मतदारयादीत नाव असलेल्या प्रत्येकाची. तिथे सदस्याच्या आणि शेतमजुराच्या हाताला किंमत एकच. ७३ व्या घटनादुरुस्तीनं तिला राज्यघटनेत जागा दिली, ती २४ एप्रिल १९९३ पासून.

मासिक सभा दर महिन्याला व्हावी लागते. रोजचा कारभार तिथे चालतो: बिलं, खर्चाला मंजुरी, आलेले अर्ज. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ग्रामसभा आर्थिक वर्षात किमान चार. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा गावाच्या अंगवळणी पडल्या आहेत. तिची नोटीस सात दिवस आधी निघायला हवी आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायला हवी. मागच्या वर्षाचा जमाखर्च, लेखापरीक्षणाचा अहवाल, पुढच्या वर्षाचा विकास आराखडा, घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी हे सगळं ग्रामसभेपुढे यावं लागतं. घरकुलाच्या यादीत नाव का नाही, हे विचारायची हक्काची जागा हीच. पण बहुतेक जण ते नंतर टपरीवर विचारतात, याचं मला फार वाईट वाटतं.

सगळ्यात जास्त फसगत होते गणपूर्तीत, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीत. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. ४०० मतदारांच्या वाडीला ६० माणसं, ३,००० मतदारांच्या गावाला १००. कापूस वेचणीच्या दिवसांत शंभर माणसं जमवणं अवघडच. मग सभा तहकूब होते. लोकांना वाटतं, विषय पुढे ढकलला. तसं नसतं. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते. पंधरा-वीस जण बसतात, आधीच्याच विषयपत्रिकेवरचे ठराव होतात आणि ते ग्रामसभेचे ठराव म्हणूनच लागू होतात. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: पहिल्या सभेला जाणं जमलं नाही तर तहकूब सभेची तारीख तरी विचारून ठेवा. फळ्यावर ती लिहिलेली असते, पण बारीक अक्षरात.

दोन्ही सभा एकाच कामात लागतात अशी एक जागा आहे. सरपंच थेट जनतेतून निवडला असेल, तर त्याच्यावरचा अविश्वास ठराव आधी सदस्यांच्या सभेत तीन चतुर्थांश बहुमतानं व्हावा लागतो. त्यानंतर विशेष ग्रामसभेत गुप्त मतदान होतं. सदस्य सगळे एकीकडे असले तरी गावानं नाही म्हटलं तर सरपंच राहतो.

नंदुरबारकडे, सातपुड्यात चित्र आणखी वेगळं. अक्कलकुवा, धडगाव या भागात पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीचा खास कायदा, लागू असल्यामुळे एकाच ग्रामपंचायतीतल्या पाड्यालाही स्वतःची वेगळी ग्रामसभा मिळू शकते. त्याच्या उलट बोदवड, मुक्ताईनगर, साक्री, शिंदखेडा इथे नगरपंचायत आली आणि ग्रामसभा संपली. गाव मोठं झाल्याचा आनंद असतो. पण चार दिवस वर्षातून समोरासमोर हिशेब विचारायचे होते, ते गेले, हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं.

आता मी बातमी लिहिण्याआधी ठरावाची नक्कल मागतो आणि वरची ओळ वाचतो. ‘मासिक सभा’ की ‘ग्रामसभा’, ते तिथेच लिहिलेलं असतं. सह्या किती आहेत तेही बघतो. कोऱ्या पानावर आधीच सही मागत असतील तर देऊ नका, हे आईलाही सांगून ठेवलंय.

बाजाराचा विषय पुढे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आला. मावशी आल्या, सोबत बाजारात बसणाऱ्या चौदा-पंधरा बाया. बाजार हलवायला त्यांचा विरोध नव्हता. नव्या जागी पाणी नाही आणि उन्हाला आडोसा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ठरावात नळ आणि पत्र्याचं शेड घातलं गेलं, ते मोठ्यानं वाचून दाखवलं गेलं आणि मावशींनी अंगठा नाही, सही केली. त्या ठरावाची बातमी मी ‘ग्रामसभेत मंजूर’ अशीच दिली.