धारचा राजा भोज आणि पन्हाळ्याचा राजा भोज: हे दोघं एक नाहीत

पन्हाळा राजा भोजाने बांधला हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि लगेच डोळ्यासमोर येतो तो गोष्टीतला भोज, दरबारात कालिदास वगैरे बसलेले (कालिदास खरं तर त्याच्या कितीतरी शतकं आधीचा). पण पन्हाळ्याचा भोज हा नव्हेच, दोघांच्यात जवळपास सव्वाशे वर्षांचं अंतर आहे.

गोष्टीतला भोज म्हणजे माळव्याचा परमार राजा, राजधानी धार, काळ साधारण १०१० ते १०५५. एकीकडे चालुक्य, कलचुरी या शेजारच्या राजघराण्यांशी आयुष्यभर लढाया आणि दुसरीकडे ग्रंथांवर ग्रंथ, समरांगणसूत्रधार हा वास्तुशास्त्रावरचा त्याच्याच नावावर आहे, शृंगारप्रकाश काव्यशास्त्रावरचा. भोपाळजवळ भोजपूरला त्याचं शिवमंदिर अर्धवट राहिलंय, आणि मला ते पूर्ण झालेल्या देवळांपेक्षा जास्त मोलाचं वाटतं, कारण आजूबाजूच्या खडकांवर कारागिरांनी कोरलेले नकाशे आणि दगड वर चढवायला केलेला मातीचा उतार अजून दिसतो, म्हणजे हजार वर्षांपूर्वी देऊळ बांधायचे कसे हे तिथे प्रत्यक्ष कळतं.

घोळ वाढतो तो इथे, की या धारच्या भोजाने कोकण खरंच जिंकलं होतं, १०२० च्या त्याच्या ताम्रपटांत कोकणविजयानिमित्त दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. तेव्हा उत्तर कोकणात राज्य होतं शिलाहारांचं. आणि पन्हाळ्याचा भोज स्वतः शिलाहार! फक्त कोल्हापूर शाखेचा, त्याच घराण्यात अकराव्या शतकाच्या शेवटी आणखी एक भोज होऊन गेला म्हणून याला दुसरा भोज म्हणतात.

हा दुसरा भोज साधारण ११७५ ते १२१२ चा, विजयादित्याचा मुलगा, गंडरादित्याचा नातू. किल्ले बांधणारा म्हणून त्याची ख्याती, पन्हाळा तर आहेच, विशाळगड, अजिंक्यतारा यांच्याशीही त्याचं नाव जोडतात. विद्येलाही आश्रय होता, सोमदेव नावाच्या जैन पंडिताने १२०५ मध्ये आजऱ्याला व्याकरणावरचा ग्रंथ लिहिला तो याच्याच राज्यात. त्यामुळे धारच्या भोजाचं मोठेपण उसनं आणून याला चिकटवायची काही गरजच नाही.

राहिली ती 'कुठे राजा भोज अन् कुठे गंगू तेली' ची गोष्ट. पन्हाळ्यावर ती किल्ल्याच्या बांधकामासाठी बळी दिलेल्या बाईची म्हणून सांगतात, तर माळव्याकडे म्हणतात गंगू म्हणजे कलचुरी गांगेयदेव आणि तेली म्हणजे चालुक्य तैलप. पण तैलप ९९७ लाच गेला, भोज गादीवर आला त्यानंतर, त्यामुळे ही दुसरी जोडणी मला तरी पटत नाही.

दोघांचा शेवटही वेगळा. धारच्या भोजावर शेवटी गुजरातचा भीम आणि कलचुरी कर्ण दोन बाजूंनी चालून आले, त्याच सुमारास तो वारला, पण परमारांचं राज्य पुढे अडीचशे वर्षं टिकलं. पन्हाळ्याच्या भोजाला देवगिरीच्या सिंघण यादवाने हरवलं आणि कोल्हापूरचं शिलाहार राज्य त्याच्याबरोबरच संपलं, खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या देवळाला शके ११३६ (इ.स. १२१३-१४) मध्ये दान देणारा शिलालेख आहे तो सिंघणाचा.