थेटरातलं यूए 13+ आणि ओटीटीवरचं यू/ए 13+, आकडा सेम पण मामला वेगळा

मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर पडायचं म्हणजे डोक्याला दुपट्टा गुंडाळूनच, त्यात विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपत आला की उघडतात, मग पोट्टे एवढे दिवस करतील तरी काय, कूलरसमोर टीव्ही नाहीतर मॉलच्या एसीत पिक्चर. मागच्या उन्हाळ्यात माझ्या बहिणीनं सहा वर्षांच्या भाच्याला यूए 13+ वाला (म्हणजे 13 वर्षांखालच्या पोरांना दाखवायचा की नाही, हे आईबापांनी ठरवायचं असा) पिक्चर दाखवला. म्हणाली, "अरे पण गेटवर कोणी अडवलंच नाही ना, म्हणजे चालत असेल." पोरगा इंटरव्हलपर्यंत कानावर हात ठेवून बसला, अन् पुढचे चार-पाच दिवस रात्री लाईट बंद करू देईना.

तर अडवलं काहून नाही, ते आधी. थेटरातल्या पिक्चरला सर्टिफिकेट सेन्सॉर बोर्ड देतं. आधी नुसतं यूए असायचं, म्हणजे 12 वर्षांखालच्या मुलांना आईबापांनी विचार करून दाखवावं, 2023 च्या दुरुस्तीनंतर त्याचे 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग झाले. पण हा आकडा आईबापांसाठी आहे. कायद्यातच लिहिलंय की तो पाळायला लावणं पालकांशिवाय दुसऱ्या कोणाचं काम नाही, म्हणजे तिकीट फाडणारा पोरगा तुमच्या सहा वर्षांच्या मुलाला 16+ मधूनही परत पाठवणार नाही. 'ए' चं, म्हणजे फक्त 18 वर्षांवरच्यांसाठी असलेल्या पिक्चरचं, तसं नाही, तिथे आठ-दहा वर्षांचं लेकरू आईचा हात धरून आलं तरी थेटरवाल्याला आत सोडता येत नाही. लोक या दोन्हीची सरमिसळ करतात. आत सोडलं म्हणजे पोराला झेपेल, असं कोणीच सांगितलेलं नसतं.

आता घरचा टीव्ही. तिथेही यू/ए 13+ च दिसतं, म्हणून वाटतं की हेही सेन्सॉर बोर्डानंच दिलं असेल, पण नाही. 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे ओटीटीवाल्या कंपन्या आपल्या सिरीजला आकडा स्वतःच लावतात, सोबत हिंसा आहे, शिव्या आहेत असं कारणही लिहावं लागतं (ते कारण वाचत जा, आकड्यापेक्षा जास्त कामाचं असतं). आणि 13+ किंवा वरचं काही असेल तर पॅरेंटल लॉकची सोय देणं त्यांना बंधनकारक आहे, ही गोष्ट थेटरात नाही. पण सोय दिली म्हणजे लॉक लागलं असं नव्हे, सेटिंगमध्ये जाऊन पिन आपणच टाकायचा असतो, अन् बहुतेक घरी सगळे एकाच प्रोफाईलवर बघतात, बापाची क्राईम सिरीज आणि पोराचं कार्टून एकाच रांगेत. शिवाय 7+ ला लॉकची सक्तीच नाही, चार-पाच वर्षांचं लेकरू ते सरळ लावू शकतं.

मला विचाराल तर लहान पोरांना थेटर जास्त जड जातं, कारण घरी आवाज कमी करता येतो, पॉज करून "अरे ते खरं रक्त नाहीये" असं सांगता येतं, थेटरात अंधार, तो दणदणीत आवाज, आणि उठायचं म्हटलं तर अख्ख्या रांगेचे पाय ओलांडा. म्हणून सर्टिफिकेट तिकीट बुक करतानाच बघा, पडद्यावर दिसेपर्यंत पैसे गेलेले असतात आणि मग पाय निघत नाही.

आणि कार्टून आहे म्हणून डोळे झाकून लावू नका, मोठ्यांसाठी काढलेलं अ‍ॅनिमेशनही असतंच, आकडा तिथेही बघायचा.

बहिणीनं आता टीव्हीवर भाच्याचं वेगळं किड्स प्रोफाईल केलंय, मोठ्यांच्या प्रोफाईलला पिन टाकलाय. पण दुपारी सगळे झोपले की तो आबांचा मोबाईल घेतो अन् त्यात तेच अ‍ॅप उघडंच आहे, तर या रविवारी मी जातोय, आबांना बाजूला बसवून ते करून देतो.