ब्लॉक्सच्या गाड्या (प्रौढांचा छंद)

प्लॅस्टिकचे छोटे ठोकळे एकमेकांत बसवून मोटार, ट्रक, बस, ट्रॅक्टर अशी वाहने लहान आकारात रचण्याचा आणि जमवण्याचा मोठ्या माणसांचा छंद. तो मुख्यतः लेगो या डॅनिश कंपनीच्या संचांभोवती वाढला. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातल्या मराठी घरांत मात्र त्याला आयती जमीन मिळते. हाताने प्रतिकृती घडवणे हे इथे पोरखेळ मानले जात नाही.

बिलुंड गावातल्या ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ मध्ये हा व्यवसाय सुरू केला. सुरुवातीची खेळणी लाकडी होती. आजच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज झाला. १९६२ मध्ये चाके आली, १९६३ पासून एबीएस हे टणक प्लॅस्टिक वापरात आले आणि १९७७ मध्ये गिअर-दांड्यांची टेक्निक मालिका निघाली. लहान मोटारींच्या संग्राहकांसाठी महत्त्वाचे वर्ष २०१५. त्या वर्षी फेरारी, मॅक्लारेन, पोर्शे यांच्या खऱ्या मॉडेलांवर बेतलेली स्पीड चॅम्पियन्स मालिका सुरू झाली. या गाड्या आधी सहा बटणे (ठोकळ्याच्या माथ्यावरचे गोल उंचवटे) रुंद असत, २०२० पासून आठ बटणे रुंद झाल्या. त्या दोन बटणांनी गाडीचा चेहरामोहराच बदलला. बॉनेटचा उतार, दिव्यांची ठेवण, आत शेजारी-शेजारी दोन माणसे, सगळे नीट बसू लागले. २०२० पासूनच काही मोठ्या संचांच्या खोक्यावर १८+ असे छापून येऊ लागले.

या छंदाचे खरे सौंदर्य मापात आहे. दोन बटणांच्या केंद्रांतले अंतर ८ मिमी, ठोकळ्याची उंची ९.६ मिमी आणि पातळ पट्टीची ३.२ मिमी. तीन पट्ट्या म्हणजे एक ठोकळा. पाच पट्ट्यांची उंची १६ मिमी, म्हणजे बरोबर दोन बटणांची रुंदी. या एका हिशोबामुळे ठोकळा आडवा करून बाजूला लावता येतो, आणि चौकोनी तुकड्यांतून गाडीचे गोलसर अंग निघते. पकड येते ती ठोकळ्याच्या पोटातल्या नळ्यांमुळे. ती इतकी हवी की गाडी उचलली तरी सुटू नये आणि लहान मुलाच्या बोटांनीही उघडावी. प्लॅस्टिक थंड होताना आकसते, म्हणून साचा तेवढा मोठा करावा लागतो. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्याचे नमुने, करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. कास्टिंगसाठी तो रोज तीच सूट धरतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचे दुकान काढले ते याच शहरात. पुढे फौंड्री, मशीन शॉप, हायड्रॉलिक्स अशी कामे इथे रुजली. व्हर्नियर हे बारीक मापाचे साधन हातात खेळवणारा माणूस टेक्निकच्या गाडीतला डिफरन्शिअल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जोडणी) फिरवून बघतो, तेव्हा त्याला त्यात खेळण्याइतकेच यंत्रही दिसते.

दुसरे मूळ दिवाळीच्या किल्ल्यात आहे. बेळगावात दिवाळीचा किल्ला म्हणजे अंगणातला मातीचा ढिगारा नव्हे. गल्लोगल्लीची मुले आणि त्यांच्याबरोबर मोठी माणसे एखादा ठरावीक गड निवडतात, त्याचे नकाशे-फोटो पाहतात, बुरूज, माची, पाण्याची टाकी जागच्या जागी आणायची धडपड करतात. शिवजयंतीला ट्रॉलीवर चित्ररथ उभे राहतात, तेही याच नजरेतून. मूळ वस्तू डोळ्यांत साठवायची, ती किती लहान करायची ते ठरवायचे, काय ठेवायचे आणि काय सोडायचे याचा निवाडा करायचा, हे शिक्षण किल्ल्यापाशीच होते. जगभरच्या हौशी मंडळींत ‘अंधारयुग’ असा शब्द आहे. लहानपणी सुटलेले ठोकळे मोठेपणी पुन्हा हाती येईपर्यंतच्या वर्षांना तो वापरतात. किल्ला करणाऱ्याच्या हाताला अशी रिकामी वर्षे फारशी येत नाहीत.

संग्रह करणे खर्चाचे आहे. परदेशी खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्हही सक्तीचे आहे. काही काळाने कंपनी संच बंद करते आणि मग न उघडलेल्या खोक्याचा भाव वाढतो, म्हणून काही जण खोकी तशीच कपाटात ठेवतात. गुंतवणूक म्हणून ते समजण्यासारखे आहे, पण त्याला या छंदात गणणे कठीण. मूळ ठोकळ्याचे पेटंट केव्हाच संपले असल्याने त्याला जुळणारे इतर कंपन्यांचे ब्लॉक कायदेशीर असतात. एखाद्या संचाची हुबेहूब नक्कल विकणे ही वेगळी गोष्ट. स्वस्त मालात फरक पडतो तो पकडीत: एक तुकडा सैल, दुसरा निघता निघत नाही.

बेळगावच्या रस्त्यावर रोज दिसणाऱ्या गाड्या मात्र खोक्यात मिळत नाहीत. त्या स्वतः रचाव्या लागतात, आणि छंद खऱ्या अर्थाने इथेच सुरू होतो. अशा स्वतंत्र रचनेला हौशी लोक ‘मॉक’ म्हणतात. कोल्हापूरहून येणारी एसटीची लाल बस घ्या. सीमाप्रश्न तापला की सर्वांत आधी बंद पडते ती हीच सेवा, त्यामुळे सीमाभागातल्या माणसाला ती नुसती बस वाटत नाही. १:४० प्रमाण धरले तर अडीच मीटर रुंदी सव्वासहा सेंटीमीटरवर येते, म्हणजे आठ बटणे. अकरा मीटर लांबीला चौतीस बटणे लागतात. लाल रंग सहज मिळतो, खरी कसोटी खिडक्यांच्या ओळीत लागते. उभ्या पट्ट्या सारख्या अंतरावर आल्या नाहीत तर बस ओळखूच येत नाही. चिक्कोडी-अथणीकडचा उसाचा ट्रॅक्टर त्याहून अवघड. मागचे चाक साडेतीन सेंटीमीटरच्या आसपासचे हवे, पुढचे लहान, आणि मागे जोडलेल्या दोन ट्रॉल्या वळणावर एकमेकींना घासता कामा नयेत. जोडाची खीळ एका बटणाने मागेपुढे केली की वळण बदलते. उसासाठी बारीक दांडे उभे न लावता आडवे रचावेत, ट्रॉलीत ऊस तसाच भरतात.

तयार गाड्या उन्हात ठेवू नयेत, पांढरे आणि निळे तुकडे पिवळट पडतात. खानापूर पट्ट्यातल्या लांबलेल्या पावसाळ्यात स्टिकरच्या कडा सुटतात, म्हणून छापील तुकडे मिळाले तर तेच घ्यावेत. धूळ मऊ ब्रशने काढावी. धुवायचेच झाले तर पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको, आणि तुकडे सुकवायला ठेवावेत ते सावलीत.