खडू-फळा

खडू-फळा : वर्गात सर्वांना दिसेल अशा रीतीने भिंतीवर बसवलेल्या किंवा घोडीवर उभ्या केलेल्या गडद पृष्ठभागावर खडूने लिहीत शिकवण्याचे साधन आणि त्यावरून रूढ झालेली अध्यापनरीत. ‘फळा’ हा शब्द संस्कृत ‘फलक’ यापासून आला. ‘खडू’चे नाते संस्कृत ‘खटी’, ‘खटिका’ या शब्दांशी जोडतात.

उगम : पाटी आणि फळा यांची गल्लत केल्यामुळे फळ्याच्या उगमाविषयी बरीच परस्परविरोधी विधाने आढळतात. लिहून पुसता येणारी पाटी फार जुनी आहे. इ. स. १०३० च्या सुमारास अल्-बीरूनी या मध्य आशियाई विद्वानाने भारताविषयी लिहिताना मुलांच्या काळ्या पाट्यांचा उल्लेख केला आहे : मुले पाटीच्या लांब बाजूने, डावीकडून उजवीकडे, पांढऱ्या द्रव्याने लिहीत. गणिताच्या एका शाखेला ‘पाटीगणित’ हे नाव पाटीवरूनच मिळाले, तर धूळ पसरून तीवर आकडेमोड करण्याला ‘धूलिकर्म’ म्हणत. ‘धुळाक्षरे गिरवणे’ हा मराठी वाक्प्रचारही याच परंपरेतला. मात्र धुळीवरच्या गणितात आधीचा आकडा पुसून त्याच जागी पुढचा मांडला जाई. शेवटी उत्तर उरे, वाट उरत नसे. शिवाय पाटी एकट्याची असते. त्यामुळे हे पुरावे पाटीच्या प्राचीनतेचे आहेत; त्यांवरून वर्गातल्या फळ्याची कालनिश्चिती करणे योग्य वाटत नाही.

फळ्याच्या जनकत्वाचा मान बहुतेक ग्रंथ एडिंबरा येथील हायस्कूलचे प्रमुख जेम्स पिलान्स (कार्यकाल १८१०–२०) यांना देतात. भूगोल शिकवताना ते मोठ्या फळ्यावर रंगीत खडूंनी नकाशे काढीत. परंतु अमेरिकेत वेस्ट पॉइंट येथील लष्करी शिक्षणसंस्थेत जॉर्ज बॅरन हे गणिताचे शिक्षक १८०१ च्या सुमारास फळा वापरत असल्याचे सांगितले जाते, आणि १८१७ नंतर तेथेच क्लोद क्रोझे यांनी वर्णनात्मक भूमितीसाठी (घन वस्तू सपाट पृष्ठावर रेखाटण्याच्या शास्त्रासाठी) त्याचा आधार घेतला. एकाच संशोधकाचा शोध मानण्यापेक्षा, एका शिक्षकापुढे बसणाऱ्या मुलांची संख्या वाढली तशी गरजेपोटी ही सोय ठिकठिकाणी स्वतंत्रपणे झाली असावी, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

नव्या साधनाचे स्वागत सर्वत्र झाले नाही. अमेरिकेतील येल महाविद्यालयात १८३० मध्ये शंकुच्छेदाच्या (शंकू छेदून मिळणाऱ्या वक्रांच्या भूमितीच्या) परीक्षेत पुस्तकातील आकृती समोर ठेवण्याची मुभा काढून ती स्वतः फळ्यावर काढण्याची सक्ती झाली, तेव्हा विद्यार्थ्यांनी नकार दिला. वर्गातील ९६ पैकी ४३ जणांना काढून टाकण्यात आले. फळ्यापुढे उभे राहिल्यावर पाठांतर आणि समज यांतला फरक झाकता येत नाही, हे त्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांइतकेच अचूक ओळखले होते.

द्रव्य व घडण : नैसर्गिक खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. क्रिटेशस या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या भूवैज्ञानिक काळात समुद्रतळाशी साचलेल्या सूक्ष्म शैवालांच्या कवचांपासून हा मऊ चुनखडक बनला. त्या काळाचे नावही खडूसाठीच्या ‘क्रेटा’ या लॅटिन शब्दावरून पडले. वर्गातला खडू मात्र पुष्कळदा या अर्थाने खडू नसतोच, तो जिप्समचा असतो. जिप्सम भाजून केलेले प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवून साच्यात ओतले की पुन्हा जिप्सम होऊन घट्ट होते. कार्बोनेटचे खडू दाबून घडवतात. त्यांचे कण जड असल्याने हवेत तरंगत न राहता खाली पडतात. ‘धूळविरहित’ म्हणून विकले जाणारे खडू बहुधा या जातीचे. त्यांपैकी काहींत केसीन हे दुधातील प्रथिन असते व दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलांना त्याची धूळ बाधू शकते.

जुने फळे पाटीच्या दगडाचे किंवा काळा रंग दिलेल्या लाकडाचे असत; पुढे पोलादी पत्र्यावर मुलामा दिलेले फळे आले. विसाव्या शतकाच्या मध्यापासून हिरवा रंग रूढ झाला, तरी ‘काळा फळा’ हे नाव टिकले. पृष्ठभाग किंचित खरखरीत असावा लागतो. गुळगुळीत झालेल्या फळ्यावर खडू उमटत नाही, घसरतो. खडूचे किंचाळणेही घर्षणाचेच फळ आहे : खडू क्षणभर अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. खडू तिरपा धरून लिहिण्याच्या दिशेने ढकलला तर हीच क्रिया सावकाश घडून ठिपक्यांची रेघ उमटते. कित्येक शिक्षकांनी या युक्तीवर वर्ग जिंकला आहे.

अध्यापनातील मूल्य : फळ्यावरचा मजकूर हाताच्या वेगाने उमटतो. सिद्धतेची एक ओळ लिहून होईपर्यंत विद्यार्थ्याला ती वाचायला, उतरवून घ्यायला आणि शंका काढायला अवधी मिळतो. पडद्यावरची तयार स्लाइड मात्र एकदम संपूर्ण पान पुढे ठेवते. फळ्यावर आधीच्या पायऱ्या पुसेपर्यंत समोर राहतात, त्यामुळे सातव्या ओळीतली चूक तिसरीत शोधता येते. शिक्षकाची खोडलेली ओळही शिकवून जाते. गणितज्ञांचा खडूचा आग्रह यातूनच आला असावा. हागोरोमो हा जपानी खडूचा कारखाना २०१५ मध्ये बंद होणार असे कळताच अनेकांनी साठा करून ठेवला. पुढे त्याचे उत्पादन दक्षिण कोरियात सुरू झाले.

मर्यादा उघड आहेत : लिहिताना शिक्षकाची पाठ वर्गाकडे होते, मागच्या बाकांना बारीक अक्षर दिसत नाही, आणि पुसलेले परत येत नाही. अपवाद क्वचितच. १६ मे १९३१ रोजी आइन्स्टाइन यांनी ऑक्सफर्ड येथे व्याख्यानात वापरलेला एक फळा न पुसता उचलून ठेवला गेला. त्यावरची समीकरणे तेथील विज्ञानेतिहासाच्या संग्रहालयात अजून पाहता येतात.